अर्जदार दिलेल्या ठिकाणी राहत नाही

माझ्या माहेरात आणि सासरात अंतर असं फारसं नव्हतं. पेडण्याकडच्या आमच्या गावातून पहाटे निघालं, होडीने खाडी उतरून आरोंद्याला आलं आणि मिळेल ती गाडी धरली, की दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला आचऱ्यात पोचता यायचं. माझ्या लग्नाचं वऱ्हाड असंच आलं. होडीत मामीला उलटी झाली, एवढीच त्या प्रवासातली लक्षात राहिलेली गोष्ट. आपण एका देशातून दुसऱ्या देशात चाललोय, हे वऱ्हाडातल्या एकाच्याही ध्यानात नसावं. मासे तेच, माड तेच, बोलीत थोडा हेलाचा फरक. नाक्यावरच्या शिपायाने ट्रंकेत डोकावल्यासारखं केलं आणि हाताने 'जा' म्हणून खूण केली.

मी जन्माने पोर्तुगीज आहे, हे मला पंचावन्न साली कळलं. तोवर मी स्वतःला चारचौघींसारखी कोकणी बाई समजत होते. त्या पावसाळ्यात सत्याग्रह झाले, गोळ्या सुटल्या आणि हद्द बंद झाली. मग माझे यजमान, जे गावच्या शाळेत मास्तर होते, एक दिवस वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "तू कायद्याने तिकडची आहेस." लग्नाने माझं नाव बदललं होतं, आडनाव बदललं होतं, कुलदैवत बदललं होतं. हे एवढंच बदलायचं राहिलं होतं. सासूबाईंना मात्र या बातमीची मजा वाटली. त्या मला 'आमची फिरंगीण' म्हणू लागल्या. पाणी भरायला गेलेल्या बायकांतही ते नाव पसरलं. मीही हसले. पहिलं वर्षभर हसू आलं.

हसू गेलं ते बाळंतपणात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आईने म्हणे बाळंतिणीच्या खोलीतली जमीन सारवून ठेवली होती, बाजेला नवा काथ्या घातला होता. मी गेलेच नाही. मुलगी आचऱ्यात झाली. सासूबाईंनी सगळं केलं, शेक दिला, पेज भरवली, काही कमी पडू दिलं नाही. तरी रोज संध्याकाळी मला रडू यायचं आणि त्या म्हणायच्या, "रड गो, रडल्यान दूध येता." दूध येतं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी मला रडू दिलं हे खरं.

आईची नजर तेव्हापासूनच कमी होत होती. आमच्याकडे आरोंद्याच्या बाजूची एक बाई सुक्या बांगड्यांची टोपली घेऊन यायची. बांगड्यांखाली पलीकडचा माल असायचा, ब्लेड, पावडरचे डबे, कधी मनगटी घड्याळ. तिची ये-जा चोरवाटेने होती. माझं आणि आईचं जे काय टपाल होतं ते ही बाईच. तिने सांगितलं की आईच्या डोळ्यांपुढे कडेने काळोख येतो, मधलं तेवढं दिसतं आणि ते मधलंही आकसत चाललंय. म्हापशाच्या डॉक्टराने हात झाडले होते. आईचा निरोप एवढाच होता: नात बघायची आहे, नजर आहे तोवर आण.

मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं. मुलीला घेऊन जायचं आणि आईपुढे उभी करायची. पण जायचं तर परवाना हवा, आणि परत यायचं तर तो आधी हवा. तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाने यजमानांना समजावून सांगितलं. बाईंनी आधी इथलं नागरिक व्हावं. लग्न इथे झालंय, त्यामुळे अर्ज करता येतो. वर्षभर सलग इथे राहिल्याची चौकशी होईल, मग दाखला मिळेल. दाखला मिळाला की जाण्यायेण्याचा परवाना मागता येईल. अर्ज पडून असताना मात्र त्या पलीकडे गेल्या तर विषय संपला, त्यांना परत आत घ्यायला कोणी बांधलेलं नाही.

वर्षभर म्हटल्यावर मला हायसं वाटलं. वर्ष काय, असं जातं. मी किती बावळट होते.

अर्जाला जोडायचा जन्मदाखला पोर्तुगीजमध्ये होता. तो टोपलीवालीनेच आणला. आता त्याचं भाषांतर कोण करणार? एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी ते करून दिलं, तर कचेरीत म्हणाले, पाद्रीबाबांना ही भाषा येते याला पुरावा काय. मग दाखल्यावरचं माहेरचं नाव आणि अर्जावरचं सासरचं नाव एकाच बाईचं आहे, हे शपथेवर सांगावं लागलं. ते सांगायला दोन साक्षीदार लागले, आणि साक्षीदार मला लग्नाआधीपासून ओळखणारे हवेत. लग्नाआधीपासून मला ओळखणारे सगळे हद्दीच्या पलीकडे होते. शेवटी आचऱ्याच्याच दोघांनी आम्ही लग्नाला गेलो होतो म्हणून सांगितलं. तेवढ्यावर भागलं, पण अर्ज पुढे सरकायला दिवाळी आली.

आता गावपळणीचं सांगायला हवं, कारण माझं घोडं तिथेच अडलं.

आमच्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावतात. देवाने कौल दिला की ठरल्या दिवशी सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळे. चुली विझवायच्या, दारं लोटायची आणि निघायचं. ते तीन दिवस गाव देवाचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देव 'या' म्हणाला की परत. श्रीमंत असो, गरीब असो, म्हातारा असो की बाळंतीण, घरात कोणी राहायचं नाही. मी लग्न होऊन आल्यानंतरची ती माझी पहिली गावपळण. शेजारच्या गावाच्या हद्दीत माळावर माडाच्या झावळांच्या खोपी घातल्या. एका बाजूला भजनं, दुसऱ्या बाजूला पत्ते, मुलांना तर शाळा नाही म्हणजे स्वर्गच. सासूबाई तिथे फुगडी खेळल्या. मला खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी इतकं बरं वाटलं. कचेऱ्यांचे हेलपाटे नव्हते, आणि माळावर कोणाचाच पत्ता धड नव्हता. मुलीला मी तिथेच चुलीपुढे बसून सांगितलं की आता लवकरच आजीकडे जायचं.

आणि नेमका त्याच दिवसांत चौकशीचा शिपाई गावात आला. नवीन बदली होऊन आलेला, घाटावरचा. त्याला गावपळण म्हणजे काय हे कोणी सांगितलेलं नव्हतं. तो बिचारा माझ्या घराचा माग काढत रिकाम्या गावातून फिरला असणार. हाका मारल्या असतील. ओ द्यायला कुत्रंसुद्धा नव्हतं. त्याची काय गाळण उडाली असेल ती असो, त्याने त्याचं काम केलं. त्याला एका बाईची चौकशी करायला पाठवलं होतं, गावाची नव्हे. त्याने लिहिलं: अर्जदार दिलेल्या ठिकाणी राहत नाही. शेजारीही आढळले नाहीत.

हे आम्हाला कळायला शिमगा उलटला. अर्ज निकाली काढल्याचं पत्र आलं. यजमानांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत बसले. त्यांना रजा नव्हती, आणि साहेबासमोर बोलायचं म्हटलं की त्यांचा आवाज बसायचा. तेव्हा मी आणि सासूबाई, आम्ही दोघीच तालुक्याला गेलो. चालत खाडीपर्यंत, होडीने पलीकडे, पुढे गाडी. मुलीला बरोबर घेतलं होतं. साहेबाला दया येईल असा माझा हिशेब होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला सर्दी झाली होती आणि समोर कागदांचा ढीग होता.

"बाई, तुम्ही आचऱ्यात राहता ना?"

"हो."

"मग चौकशीच्या वेळी कुठे होता?"

"वेशीबाहेर. माळावर."

"घरचे?"

"तेही."

"आणि शेजारी?"

"सगळेच होते. गावपळण होती."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

"कुत्र्या-मांजरांसकट," सासूबाई म्हणाल्या.

त्याने नाक पुसलं आणि कारकुनाकडे पाहिलं. कारकून इथलाच, त्याने मान हलवून खरं आहे म्हणून सांगितलं. साहेब थोडा विचार करून म्हणाला, "ठीक आहे. त्या दिवशी गावात कोणी नव्हतं असा दाखला आणा. गावात हजर असलेल्या दोन माणसांच्या सह्या घ्या."

सासूबाई हसल्या. कारकूनही हसला. मग साहेबाच्या लक्षात आलं आणि त्याने टाक खाली ठेवला. मला हसू आलं नाही. मुलगी मांडीवर झोपली होती, पाय बधिर झाले होते, आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की आईचं ते मधलं दिसणं आणखी आकसत असेल.

साहेबाने मग आवाज खाली आणला. तो म्हणाला, "हे बघा, देवाने गाव बाहेर काढला असं मी सरकारला लिहू शकत नाही. वर पाठवलं तर माझीच चौकशी लागेल. तुम्ही असं लिहून द्या, की मसुऱ्याला नातेवाइकांकडे पाहुणी म्हणून चार दिवस गेले होते. तात्पुरती गैरहजेरी. मी अर्ज पुन्हा उघडतो." कारकुनाने कोरा कागदसुद्धा पुढे सरकवला.

मी टाक उचलला. मसुऱ्याला आमचे नातेवाईक होतेही. माझ्या दृष्टीने तो अगदी साधा, घरगुती खोटेपणा होता, लग्नकार्यात दहा वेळा बोलतो तसला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "साहेबानू, तसा नको," त्या म्हणाल्या. "देवाचो शब्द पाळूक आमी भायर पडलाव. आणि कागदार पावणी म्हणान गेला लिवचा? देव काय म्हणतलो?"

"आजी, सुनेचं काम होईल."

"होतला. पण ह्या खोटा आसा."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. त्या काळी सासू शेजारी बसलेली असताना सून काय करणार, हे त्यालाही माहीत होतं. शिवाय सासूबाई पुढे म्हणाल्या की उद्या कोणी विचारलं तर आपण खरं तेच सांगणार. मग तो कागद घेण्यात काही अर्थच उरला नाही. साहेबाने कोरा कागद परत घेतला. नवा अर्ज करा म्हणाला. वर्ष पुन्हा नव्याने मोजायचं.

परत येताना गाडीतून उतरल्यावर मी मुलीला घेऊन पुढे पुढे चालत राहिले. खाडीवर होडी पलीकडे होती, ती येईपर्यंत आम्ही किनाऱ्यावर बसलो. मुलगी वाळूत खेळत होती.

"रागावलंस मा?" त्या म्हणाल्या.

"नाय."

"रागाव. रागावचासाच आसा. पण एक सांग, परको माणूस कित्याक गावाबरोबर भायर पडतलो? तू पडलंस. म्हणजे तू गावाची. साहेबाक ह्या कळाक व्हया होता."

त्यांचं म्हणणं खरं होतं. इतकं खरं की मला त्याचा आणखीच राग आला. मी या गावची असल्याचा याहून पक्का पुरावा नव्हता, आणि अर्जात तो लिहायला जागा नव्हती. बरोबर कोण आणि चूक कोण याच्याशी मला तेव्हा देणंघेणंच नव्हतं. मला मुलगी आईला दाखवायची होती. होडी आली तेव्हा त्यांनी मुलीला उचलून घेतलं आणि मी मागून चढले.

दुसऱ्या अर्जाचं वर्ष पहिल्यासारखं गेलं नाही. पहिल्या वेळी मी दिवस मोजत होते. या खेपेला मोजायचा कंटाळा आला. पाद्रीबाबा वारले होते, तेव्हा भाषांतर जुनंच चालेल का यावर दोन महिने गेले. साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाला सगळं पहिल्यापासून सांगितलं, पण गावपळण मी गाळली. कागद रत्नागिरीला गेले, तिथून मुंबईला गेले, मुंबईहून एक सही राहिली म्हणून परत आले. घरी कोणी कचेरीचं नाव काढलं की यजमान उठून अंगणात जायचे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत असावी. कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्याच उन्हाळ्यात टोपलीवाली आली आणि टोपली न उतरवताच बसली.

"आवय आता माणूस आवाजावरसून वळाखता," ती म्हणाली. "उजेडात धरल्यान तर वायच दिसता. चल माझ्याबरोबर. चेडवाक घेवन चल. परवा सकाळी परत हाडून सोडतंय. कोणाक कळाचा नाय."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मला वाटलं नव्हतं ते म्हणाल्या. "जा."

"कोणी चौकशीक इलो तर?"

"तर सांगतलंय."

"काय सांगतल्यात?"

"माहेराक आवशीक बघूक गेला म्हणान."

टोपलीवालीने कपाळाला हात लावला. त्यांच्या तोंडून खोटं निघणारच नव्हतं, त्याला मी काय करू? त्या दिवशी मी मनातल्या मनात हजार वेळा जाऊन आले. मुलीचं परकर-पोलकं धुवून घडी घालून ठेवलं. पकडली गेले तर मुलीचं काय, परत घेतलं नाही तर संसाराचं काय, आणि दाखला आता येण्यातच असला तर? संध्याकाळी टोपलीवाली एकटीच निघाली. मी तिच्याबरोबर आईसाठी मुलीच्या जावळाची एक बट पाठवली, कापडात बांधून. बघता आली नाही तरी हातात धरेल म्हणून.

पावसाळ्यानंतर ती पुन्हा आली तेव्हा मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं. "आता तिका काय दिसना."

मी उठून आत गेले आणि भाकऱ्या केल्या. नेहमीपेक्षा जास्त झाल्या.

दाखला त्यानंतर आला. मला कचेरीत बोलावून शपथ दिली. हात वर करून छापलेलं वाचायचं होतं. माझा आवाज स्वच्छ होता असं यजमान नंतर म्हणाले. सही केली, कारकुनाने शिक्का मारला आणि जांभई देत म्हणाला, "झालं. आता तुम्ही इथल्या." मी त्याला विचारलं, जाण्यायेण्याच्या परवान्याचा अर्ज कुठे मिळतो. तो म्हणाला, त्याची वेगळी खिडकी आहे, पण आज बंद आहे.

त्या परवान्याचं उत्तर आलंच नाही. येण्याची गरज उरली नाही. एकसष्टच्या डिसेंबरात आपलं सैन्य पलीकडे गेलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. गावात पेढे वाटले. लोक मलाही पेढे द्यायला आले, जणू मीच जिंकून आले होते. सासूबाईंनी 'फिरंगीण' म्हणायचं सोडलं. मला ते चुकल्यासारखं वाटलं, तेवढंच.

पुढच्याच महिन्यात मी, यजमान आणि मुलगी, असे आम्ही तिघं गेलो. आरोंद्याला होडीत बसलो तर नावाड्याने फक्त मुलीचं अर्धं तिकीट की पूर्ण एवढंच विचारलं. पलीकडे नाका उघडा होता, आत एक बकरी बसली होती. पिशवीत दाखला नीट घडी करून ठेवला होता. तो कोणी मागितला नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घालवली, तो कोणी पाहिलासुद्धा नाही, आणि मला राग यायला हवा होता, पण अंगात तेवढं त्राणच नव्हतं.

आई ओसरीवर बसली होती, आवाजाच्या दिशेने तोंड करून. फार वाळली होती. माझ्या पावलांवरून तिने ओळखलं असं शेजारी उभा असलेला माझा भाऊ म्हणाला, पण मला ते खरं वाटत नाही. त्यानेच आधी सांगितलं असणार. मी तिच्या पायाशी बसले. तिने माझं डोकं कुरवाळलं, खांदे चाचपले, बारीक झालीस म्हणाली. आम्ही रडलो. मग भावाने विषय बदलायला म्हणून सांगितलं, की आता आपण सगळेच भारताचे झालो, गावातले झाडून सगळे, काही करायची गरज नाही. आई ऐकत होती.

"तुका तरी विचारलां गो," ती मला म्हणाली. "म्हाका कोणेंच विचारूंक ना."

तिने हे तक्रार म्हणून म्हटलं की थट्टा म्हणून, मला कळलं नाही. भाऊ हसला.

मी मुलीला पुढे केलं. पाच वर्षांची मुलगी, तिला आजी म्हणजे काय ते मी सांगून ठेवलं होतं, पण समोरच्या बाईच्या पांढुरक्या डोळ्यांना ती बिचकली. मी तिला घट्ट धरून आईच्या गुडघ्यांपाशी उभी केली. आईने दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. कपाळ, भुवया, नाक, गाल, हनुवटी. बोटं सावकाश फिरत होती आणि मुलगी श्वास रोखून उभी होती.

"कोणासारखें दिसता गो तें?"

मुलगी आईसारखी होती. तंतोतंत. आचऱ्यात हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण तिथे आईला नीट पाहिलेलं कोणी नव्हतं. एक मलाच रोज दिसायचं, सकाळी तिची वेणी घालताना, आणि ते मी कधी कोणाला बोलले नव्हते. ते आईला प्रत्यक्ष दाखवायचं म्हणून राखून ठेवलं होतं.

"तुज्यासारखें," मी म्हटलं.

आईने एक हात मुलीच्या गालावर तसाच ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडावर आणला. मुलीचं नाक, मग आपलं नाक. मुलीची हनुवटी, मग आपली. बराच वेळ ती ताडून बघत राहिली. मग तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"म्हाका कळना गो," ती म्हणाली.